वस्त्रगाळ धूळ

कचरा भरायला पिशवी विकत आणायची, ती भरली की कचऱ्यासकट फेकून द्यायची आणि पुन्हा नवी विकत आणायची, हे गणित कुंदाच्या गळी काही केल्या उतरेना. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवणारी ती बाई. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर किराण्याची यादी लिहिणारी. नेरच्या त्यांच्या गल्लीत म्हणायचे, कुंदाताईच्या घरून सुतळीचा तुकडा कचऱ्यात गेला, तर तो बिचारा वाट चुकून गेला असं समजावं.

आणि अशा बाईच्या घरी व्हॅक्यूम क्लीनर आला.

तो काही हौसेनं आला नव्हता. तिचे यजमान नंदकिशोर एकतीस वर्षं कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. मुठीत कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा आणि धागा किती लांब निघतो ते पाहून मालाची प्रत सांगायची, हे त्यांचं काम. डोळे मिटूनसुद्धा ते कापूस कोणत्या वेचणीचा ते सांगायचे. पण एकतीस वर्षं जे बोटांनी पाहिलं, ते थोडं थोडं नाकावाटे आतही गेलं होतं. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी खोकला लागला, तो गेलाच नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यापुढे धरला आणि सांगितलं, "फुप्फुसं कडक व्हायला लागलीत. घरात धूळ नको. केरसुणी तर हातातही धरू नका."

पुण्याला असलेल्या गौरीनं, त्यांच्या मुलीनं, हे फोनवर ऐकलं आणि आठव्या दिवशी यंत्र दारात हजर. लाल रंगाचं, चाकांवर चालणारं, हत्तीच्या पिल्लासारखं. सोबत दोन कागदी पिशव्या आणि मागच्या बाजूला लावायचा एक पांढरा, घड्याघड्यांचा फिल्टर.

पहिली पिशवी दोन महिन्यांनी भरली. दुसरी लावतानाच कुंदानं गौरीला फोन केला.

"ह्या पिशव्या कितीले येतात ग?"

गौरीनं आकडा सांगितला.

"एका पिशवीचे?"

"आई, तू बघू नकोस ना किंमत. मी इथून ऑनलाइन मागवते."

"एवढ्यात तर मी एक चांगली कापडी पिशवी शिवून तुझ्या पोरीले शाळेत पाठवीन. अन् ही कचऱ्याले?"

"बाबांसाठी आहे ते, आई."

"मग मी काय त्यांच्यासाठी नाही म्हटलं का?" असं म्हणून कुंदानं फोन ठेवला. खरं तर तिला म्हणायचं होतं की यांच्या गोळ्याच एवढ्या आहेत, त्यात ही भर कशाला. पण मुलीला असलं सांगितलं की मुलगी पैसे पाठवते आणि जावई काही बोलत नाही, आणि ते न बोलणं फार ऐकू येतं.

तर कुंदानं आधी कागदी पिशवीचं बूड कापून ती उकिरड्यावर रिकामी केली, बूड दुमडलं आणि स्टेपलरनं शिवलं. असं तीनदा चाललं. चौथ्यांदा पिशवी यंत्राच्या पोटातच फुटली आणि यंत्राला जुलाब झाल्यासारखी धूळ बाहेर आली. नंदकिशोर त्या दिवशी अंगणात बसून होते म्हणून बरं. फिल्टर काळा झाला होता, तो तिनं सर्फाच्या पाण्यात बुडवून, खसखसून धुऊन उन्हात वाळवला. वाळल्यावर त्याच्या घड्या म्हाताऱ्याच्या बोळक्यासारख्या आत बसल्या, पण दिसायला स्वच्छ दिसत होता.

मग तिला ती युक्ती सुचली. फुटक्या पिशवीचा पुठ्ठ्याचा गळा रबरासकट जपून ठेवलेलाच होता. पेटीत सासऱ्यांचं धोतर होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. त्याच्या पानाची पिशवी तिनं मशीनवर शिवली, गळ्याला तो पुठ्ठा टाचला, बुडाला परकराला घालतात तशी नाडी घातली. भरली की नाडी सोडायची, झटकायची, धुवायची, पुन्हा लावायची. जन्मभराचं काम झालं! शेजारच्या मधुवंतीबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "कुंदाताई, कंपनीवाल्यांनी तुम्हाले नोकरीवर ठेवाले पाहिजे."

कुंदा त्या दिवशी घरभर गुणगुणत फिरत होती. तिनं पिशवी नंदकिशोरांना दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, कापड अंगठा आणि बोटात धरून चोळलं, बराच वेळ चोळलं.

"काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "शिवण चांगली आहे."

ही गोष्ट जूनमधली. जुलैत नंदकिशोरांचा खोकला वाढला. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत अकरा पावलं होती, ती त्यांना एका दमात होईनात, म्हणून कुंदानं मध्ये, देवघराच्या भिंतीशी, एक स्टूल ठेवलं. ते तिथं बसायचे, श्वास गोळा करायचे, मग उरलेलं अंतर जायचे. "नेरहून यवतमाळले जाताना मधात बस थांबते ना, तसं," ते म्हणायचे. ऑगस्टमध्ये नागपूरला जाऊन आले. गोळ्या बदलल्या. सप्टेंबरात दुसरं स्टूल लागलं.

खोकला वाढला म्हणजे धूळ वाढली, हे तर कोणीही सांगेल. कुंदा सकाळी यंत्र फिरवायची, ती आता संध्याकाळीही फिरवू लागली. पलंगाखाली, कपाटाच्या मागे, गादीवरून, पडद्यांवरून. टीव्हीचा काळा पडदा ती पुसून लख्ख करायची आणि तासाभरात त्यावर बोट फिरवलं तर रेघ उमटायची. "कुठून येते ही मेली?" ती म्हणायची. "रस्त्याचं काम काढलंय ना, तिथून येत असेल." आणि खिडक्या लावून घेऊन पुन्हा एकदा यंत्र फिरवायची. यंत्र घुमत असताना नंदकिशोर तोंडाला उपरणं लावून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. तिला वाटायचं, आवाजाचा त्रास होतो.

दिवाळीला दहा दिवस होते. कुंदा दरवर्षी उटणं घरी करायची. नागरमोथा, आंबेहळद, वाळा, कपूरकाचरी सगळं कुटून, गल्लीतल्या प्रत्येक घरी एकेक पुडी द्यायची. तिचं उटणं वस्त्रगाळ. चाळणीचं कोणाचंही असतं. पातेल्याच्या तोंडावर धोतराचं मऊ पान ताणून बांधायचं, त्यावर कुटलेलं पसरायचं आणि तळहातानं हळूहळू गोल फिरवायचं. जाड ते वर राहतं. जे इतकं बारीक की बोटांना लागतसुद्धा नाही, ते धुरासारखं खाली उतरतं. तिची आई असंच करायची, आईची आईही.

त्या सकाळी ती ओट्यावर असंच हात फिरवत होती. सुगंध सुटला होता. तिनं कापडाची एक कड सोडून जराशी उचलली आणि खालून पाहिलं. कापडाच्या पोटातून पिवळसर धूर मंद मंद झरत होता.

तिचा हात थांबला.

कापड तेच होतं. त्याच धोतराचं दुसरं पान.

आपण त्या पिशवीत काय अडवत होतो? केस, दोऱ्याचे तुकडे, भाताची शितं, मुंगळे. आणि जे डॉक्टरांनी सांगितलं होतं, जे डोळ्यांना दिसत नाही आणि छातीत जाऊन बसतं, ते आपण सकाळ-संध्याकाळ वीज जाळून, खिडक्या लावून, गाळून गाळून, अगदी वस्त्रगाळ करून त्यांच्या तोंडावर सोडत होतो. चार महिने. आणि खोकला वाढला की दोनदा.

हातही न पुसता ती आतल्या खोलीत गेली. नंदकिशोर उशांना टेकून बसले होते.

"त्या पिशवीतून धूळ बाहेर येते," ती म्हणाली. "बारीक. सगळी."

त्यांनी तिच्या पिवळ्या हातांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली. आणि त्या मान हलवण्यातून कुंदाला जे कळलं, ते आधीच्यापेक्षा वाईट होतं.

"तुम्हाले माहीत होतं."

"इथं बस."

"तुम्ही हातात घेऊन चोळलं होतं. तुम्हाले तेव्हाच माहीत होतं!"

"एकतीस वर्षं तेच केलं मी," ते म्हणाले. "विरलेलं कापड होतं. पीठसुद्धा धरलं नसतं त्यानं."

"मग सांगतलं काहून नाही?"

त्यांनी आधी श्वास गोळा केला. त्यांना प्रत्येक वाक्याआधी आता तो गोळा करावा लागायचा.

"तू लय खुशीत होती त्या दिवशी. आईच्या घरून आल्यावर जशी असायचीस तशी. म्हटलं, सांगू दोन दिवसांनी. मग ऑगस्टात नागपूरले गेलो. तू औषधं आणाले खाली गेलतीस. तेव्हा मी डॉक्टरले सरळ विचारलं."

"काय विचारलं?"

"ते म्हणाले, ही दिवाळी होईल, पुढची धरू नका." त्यांनी श्वास घेतला. "म्हणाले, धूळ असो नसो, आता फार फरक पडत नाही. मग म्हटलं, चालू दे. तुले काहीतरी कराले पाहिजे होतं. तू नुसती बसून पाहत राहिली असतीस तर मले ते जास्त जड गेलं असतं."

"म्हणून धूळ गिळत राह्यले?"

"एकतीस वर्षं पगार घेऊन गिळली. चार महिने फुकट गिळली, त्यात काय."

हा त्यांचा विनोद होता. कुंदाला त्यांच्या विनोदांवर हसायची सवय होती, म्हणून तोंड आपोआप हसण्याच्या आकाराचं झालं, आणि मग ते तसंच राहिलं, आणि त्यातून भलताच आवाज बाहेर आला.

तिनं नंतर नागपूरला फोन लावला. डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तसं सांगता येत नाही. हा आजार असाच वाढतो." ती म्हणाली, "पण थोडं तरी माझ्यामुळे झालं असेल ना?" ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका." गौरीला सांगितलं, तर गौरी रडत म्हणाली, "आई, तुझा काय दोष?" एकही माणूस तिला हो म्हणायला तयार नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर त्या निदान कुठे ठेवायच्या ते तिला कळलं असतं.

गौरी म्हणाली होती, ऑनलाइन मागवते. पण कुंदाला आता डोळ्यांनी पाहून, हातानं चाचपूनच घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी मधुवंतीबाईंना नंदकिशोरांजवळ बसवून ती यवतमाळच्या बसमध्ये चढली. पिशवीत ती धोतराची पिशवी आणि तो धुतलेला फिल्टर.

बसस्टँडमागच्या गल्लीत खेमसिंगचं दुकान होतं. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी आणि असली सफाईची यंत्रं दुरुस्त करायचा, सुटे भागही विकायचा. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर. त्यानं धोतराची पिशवी उलटी केली, सुलटी केली, नाडी ओढून पाहिली.

"काकू, हे तुम्ही शिवली?"

"हो."

"शिलाई जबरदस्त हाय. पण ही पिशवी नाई, चाळणी हाय."

"माहीत आहे," कुंदा म्हणाली.

मग त्यानं फिल्टर हातात घेतला आणि चष्मा डोळ्यांवर आणला. "हे धुतलं काय तुम्ही?"

"सर्फात."

"अरे बापा! याच्यावर लिहून हाय ना, धुवाचं नाई म्हणून."

"इंग्रजीत होतं. अन् मुंगीएवढं."

"कंपनीवाल्यांले वाटते, घरोघरी कलेक्टर झाडू मारते," खेमसिंग म्हणाला आणि मागच्या फळीवरून खोकी काढू लागला. "पाहा. हे साधी कागदाची. सस्ती हाय, पण ओल लागली की फाटते, अन् बारीक धूळ निम्मी सोडते. हे तीन थरांची. विणलेली नाई, दाबलेली हाय. महाग हाय, पण गच्च भरेस्तोवर काही बाहेर येऊ देत नाई. अन् हा मागचा फिल्टर, साल दीड साल चालते, फक्त झटकाचा, पाणी दाखवाचं नाई. खरं सांगू काकू, महागाचीच सस्ती पडते. मोटर वाचते."

"आणि माणूस?"

"माणसाचं मले नाई माहीत," तो म्हणाला. "मी मशीनवाला."

कुंदानं तीन थरांची पिशवी चिमटीत धरून चोळली. नंदकिशोर धरायचे तशी. तिला काहीही कळलं नाही.

"हीच द्या. आणि फिल्टर."

"पिशव्या पाचच्या पाकिटात घेऊन टाका. सुटी एक लय महाग पडते, पाकिटात जवळजवळ निम्म्या भावात. एक पिशवी दोन महिने धरा, दहा महिने पाहाले नको."

दहा महिने.

कुंदाचा अंगठा सवयीनं बोटांच्या पेरांवर चढला. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. माघ, फाल्गुन. अंगठा चैत्राच्या पेरावर जाऊन थांबला. वैशाखात यवतमाळची उन्हं. वैशाखात तर धडधाकट माणसाला श्वास पुरत नाही. उरलेल्या पिशव्या मग कशात घालायच्या? आयुष्यभर तिनं कधी जास्तीचं आणून वाया घालवलं नव्हतं. जेवढं लागेल तेवढं. लागेल तेवढं म्हणजे किती, एवढंच तर विचारत होता हा माणूस.

"एकच द्या," ती म्हणाली.

"काकू, तुम्ही तर हिशेबी दिसता. एक घेणं म्हणजे नुकसान."

"सध्या एकच."

नेरची बस लागलेली होती. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. पिशवी मांडीवर, पिशवीत ती एक पिशवी. बस भरेपर्यंत ती बाहेर बघत बसली आणि मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, आपण काय करून आलो ते. डॉक्टरांनी पुढची दिवाळी धरू नका म्हटलं होतं. तेही नंदकिशोरांना, दार लावून. आपण भर दुकानात, परक्या माणसासमोर, ते मोजून दाखवलं. दोन महिने. रोख पैसे देऊन.

कंडक्टरनं घंटी मारली तशी ती उठली.

"बाई, आता कुठं उतरून राह्यल्या? जागा भेटली होती ना!"

"काहीतरी विसरली."

"नवरा तर नाई विसरल्या?" कंडक्टर म्हणाला आणि पुढच्या बाया हसल्या. कुंदा दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून त्या सगळ्यांतून वाट काढत खाली उतरली.

खेमसिंग डबा उघडून जेवायला बसला होता. तिला पाहून अर्धा उठला.

"पाचचं पाकीट द्या."

"मी म्हणतच होतो. आणा, ती एक वापस घेतो."

"नाही. ती राहू द्या. पाच आणखी."

"सहा होतात काकू. अन् एक उगीच महागात पडली."

"पडू द्या," कुंदा म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द याआधी कधी निघाले असतील, तर ते तिलाही आठवत नव्हते.

घरी पोचली तेव्हा दुपार कलली होती. मधुवंतीबाई गेल्यावर तिनं नवा फिल्टर बसवला, सुटी पिशवी नंदकिशोरांच्या हातात दिली. का दिली कोण जाणे. परीक्षा द्यायला मूल पाटी पुढे करतं तशी.

त्यांनी ती चोळली. नखानं एक कडा उचकून पाहिली.

"हे बरं आहे," ते म्हणाले. "हे धरेल."

मग त्यांचं लक्ष पलंगावरच्या पाकिटाकडे गेलं. त्यांनी ते उचललं, वर लिहिलेलं वाचलं, प्लास्टिकवरून अंगठा फिरवला. घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता आणि त्यांच्या श्वासाचा, तांदूळ सुपात हलवल्यासारखा.

"ह्या पाच. अन् ही एक."

"सस्तं पडलं पाकिटात," कुंदा म्हणाली.

"हो. पाकिटात सस्तंच पडते." त्यांनी पाकीट उलटं करून पाहिलं. "एक किती दिवस चालते म्हणे?"

फिल्टरचं रिकामं खोकं तिनं उघडलं, पुन्हा बंद केलं. त्यांना उत्तर नको होतं, त्यांनी ते मोजलेलं होतं. माल पाहिल्याबरोबर बेरीज करायची सवय त्यांनाही होती.

"कुंदा," ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पाकिटाचं सील फोडू नको. पावती ठेव. सील असलं की दुकानवाले वापस घेतात, सहा महिन्यांनीसुद्धा. तुले यवतमाळले कामं पडतीलच मग. बँकेची, पेन्शनची. त्याच फेरीत देऊन येजो. फुकट जाऊ देऊ नको."

तिला ते म्हणाले होते. तिला, दुधाची पिशवी धुऊन ठेवणाऱ्या बाईला, तिच्याच भाषेत, तिच्याच काळजीनं.

कुंदानं त्यांच्या हातातून पाकीट काढून घेतलं. प्लास्टिक जाड होतं, नखानं निघेना. तिनं ते दातांत धरलं आणि ओढलं. मग पाचही पिशव्या एकेक करून बाहेर काढल्या, त्यांच्या घड्या उलगडल्या, त्यांच्या गळ्यावरचे चिकट कागद सोलून काढले आणि पलंगावर त्यांच्या पायांशी ओळीनं मांडल्या. पावती तिनं चार ठिकाणी फाडली.

नंदकिशोर बघत राहिले.

"आता कोणी घेणार नाही वापस," ती म्हणाली.

"नाही," ते म्हणाले. "आता नाही घेणार."